ओलीस ठेवलेला बाळकृष्ण

शैलजा भोईटे मूळची फलटणची. नगरपालिकेच्या मराठी शाळेत शिकली, इतिहास घेऊन बी.ए. झाली, मग बी.एड. केलं आणि गावातल्याच हायस्कुलात चार-पाच वर्षं इतिहास शिकवला. फळ्यावर नकाशा काढायची तर पुस्तकात न बघता. टायग्रिस, युफ्रेटिस, नाईल, सिंधू, सगळ्या नद्या आपापल्या जागी वाहायच्या. वर्गातली दांडगी मुलंसुद्धा तेवढा वेळ गप्प बसायची. मग संजयशी लग्न झालं, तो पुण्याला कॉम्प्युटरमध्ये होता. त्याच्या कंपनीने त्याला व्हर्जिनियाला पाठवलं आणि बाईंचा खडू सुटला तो सुटलाच.

तिथल्या हर्नडन गावात आल्यावर तिच्या लक्षात आलं, की आपल्याला इथे काहीच येत नाही. गाडी येत नाही, भाषा येते पण तोंडातून निघत नाही. नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बायकांना नोकरीची परवानगी नव्हती. पुढे ती मिळाली तोवर तिची हिंमत आटून गेली होती. मुलगी, हिमानी, शाळेत जायला लागल्यावर पालकसभेला शैलजा नटूनथटून जायची आणि टीचर काही बोलली की हसून येस म्हणायची.

"आई, तू सगळ्याला येस का म्हणतेस?" हिमानीने एकदा गाडीत बसताना विचारलं. "तिने विचारलं, काही प्रश्न आहेत का. तू म्हणालीस येस, आणि मग बोललीच नाहीस. ती वाट बघत बसली ना!"

हसण्यावारी नेलं तरी ते कुठेतरी रुतून बसलं. रविवारच्या मराठी शाळेत ती मुलांना गोष्टी सांगायची, महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमाला तिच्या हातची कोथिंबीरवडी लागायची, एवढीच तिची ओळख. बाकी तिचं जे काही मनातलं होतं ते बाळकृष्णापाशी.

हा बाळकृष्ण पितळेचा, रांगता, एका हातात लोण्याचा गोळा. लग्नात आईने अन्नपूर्णेबरोबर तिच्या ओंजळीत ठेवलेला. विमानात तो तिच्या पर्समध्ये होता. भाड्याच्या घरात जेवणाच्या टेबलामागे एक बुटकं कपाट होतं. त्याच्यावर देव मांडलेले आणि खालच्या दोन दारांच्या आत वाती, उदबत्त्या, कापूर. सकाळी अंघोळ झाली की ती त्याला न्हाऊ घालायची, पुसायची, तुळस नसली तर एखादं फूल ठेवायची. मोठ्याने आरती नाही, घंटा नाही. घरात देवाकडे बघणारी ती एकटीच. संजय जाता-येता हात जोडायचा, तेही मोबाइल हातात असताना.

मार्चमध्ये संजयची नोकरी गेली. सकाळी मीटिंगला बोलावलं आणि दुपारपर्यंत त्याचं कार्ड बंद. कंपनीतली शेकडो माणसं गेली होती, त्यात हा एक. पण इथे राहायचा आधारच ती नोकरी. दोन महिन्यांच्या आत दुसरी मिळाली तर ठीक, नाहीतर सामान बांधून परत. ग्रीन कार्डाच्या रांगेत कितीतरी वर्षं उभं राहून झाली होती. ती गेली असती वाया. हिमानी नववीत. तिला मराठी बोलता येत होतं, वाचताना मात्र ती बोट ठेवून एकेक अक्षर जोडायची. फलटणच्या किंवा पुण्याच्या शाळेत ती काय करणार, हा विचार शैलजाची पाठ सोडत नव्हता.

"कुणाला सांगू नकोस," संजय म्हणाला. "मंडळात एकाला कळलं की सगळ्यांना कळतं. मग जो तो कीव करणार. यार, ते मला नाही सहन होणार."

झाकली मूठ सव्वा लाखाची. संजय रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून, लॅपटॉप घेऊन लायब्ररीत जायचा. मंडळातली आश्लेषा दुकानात भेटली आणि "संजयचं कसं चाललंय?" म्हणाली, तर शैलजाने ऐकवलं, "खूप काम आहे गं, मान वर करायला फुरसत नाही." मेथीची जुडी हातात होती, ती कोमट झाली असेल इतकी तिने घट्ट धरली होती. घरी येऊन आरशात बघायचं टाळलं. खोटं बोलायची तिला सवय नव्हती, आणि आता तर रोजचं रेशन झालं होतं.

आईला मात्र तिने सांगितलं. आई फलटणला एकटी, पंचाहत्तरीच्या घरातली. व्हिडिओ कॉल लावला की तिचं अर्धं कपाळ आणि वरचा पंखा दिसायचा.

"देव पाण्यात घाल," आई म्हणाली.

"आई, अगं—"

"अगं बिगं नाही. बाळकृष्णाला पाण्यात ठेव. म्हणावं, जावयाला नोकरी लागल्याशिवाय बाहेर काढायची नाही. त्याचा जीव गुदमरला की तो धावतो. आणि मध्येच काढायचा नाही, बरं का. मध्ये काढला की केलेलं सगळं फुकट."

शैलजा दोन दिवस टाळत राहिली. तिसऱ्या दिवशी संजय लायब्ररीतून आला तो बूटही न काढता सोफ्यावर बसून राहिला. त्या संध्याकाळी तिने स्टीलचं खोलगट पातेलं घेतलं, पाणी भरलं आणि बाळकृष्णाला आत सोडला. तो तळाशी गेला, एका कुशीवर कलंडला, हात मात्र वरच. तिने पातेल्यावर ताटली ठेवली आणि पातेलं खालच्या कपाटात, वातींच्या डब्याशेजारी सरकवून दार लावलं. वरची त्याची जागा रिकामी दिसू नये म्हणून तिथे एक फुलाची वाटी ठेवली. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

रोज सकाळी ती दार किलकिलं करून पाणी बदलायची. पूर्वी त्याच्याशी ती बोलायची. दुधाचा भाव, हिमानीची परीक्षा, पाठीची कळ. आता बोलायला काही सुचायचं नाही. घाईघाईने पाणी ओतायची आणि त्याच्या तोंडाकडे न बघता दार लावायची.

एप्रिलमध्ये हिमानीच्या शाळेत एक मोठा प्रकल्प आला. जुनी साम्राज्यं आणि एकच देव मानणारे धर्म, असा विषय. दोघीदोघींनी मिळून एक कोपरा मांडायचा, म्युझियमसारखा, आणि संध्याकाळी पालकांनी येऊन बघायचा. हिमानीची जोडीदार लेआ नावाची मुलगी. दोन गल्ल्या सोडून राहायची, कुरळ्या केसांची, ज्यू घरातली. रविवारी दुपारनंतर ती आपल्याकडे येणार, असं हिमानीने जाहीर केलं आणि वर बजावलं, "आई, प्लीज, तिला सारखं खायला विचारू नकोस."

त्या रविवारी दोघी टेबलावर कागद पसरून बसल्या. बॅबिलोन त्यांच्या वाट्याला आलं होतं. हिमानी वैतागून म्हणाली, "सगळे राजे सेम आहेत. हा आला, त्याने जिंकलं, मग तो आला. काय लिहायचं यात?"

शैलजा कणीक मळत होती. तिला राहवलं नाही. हात धुतले, हिमानीच्या हातातलं मार्कर घेतलं आणि पांढऱ्या पुठ्ठ्यावर एका दमात दोन नद्या ओढल्या. इथे असीरिया, इथे बॅबिलोन, हे इकडे समुद्राजवळ जेरुसलेम.

"राजे सेम नाहीत," ती म्हणाली. आणि तिच्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत, अडलं की हिमानीकडे मराठी फेकत, सांगायला लागली. त्या काळी प्रत्येक शहराचा आपला देव. बॅबिलोनचा मार्दुक. त्याची मूर्ती म्हणजे तोच. त्याला जेवण द्यायचे, कपडे घालायचे, सणाला मिरवणुकीत न्यायचे. एखाद्या राजाने शहर जिंकलं की तो नुसतं सोनं न्यायचा नाही. त्यांचा देव उचलून आपल्या राजधानीत नेऊन ठेवायचा. लोकांना सांगायचा, नीट वागा, माझं ऐका, मग तुमचा देव परत मिळेल. मार्दुकला असाच नेला होता, एकदा नाही, कितीदा तरी.

"वेट," हिमानी म्हणाली, "दॅट्स अ होस्टेज सिच्युएशन! देवाला ओलीस?"

ओलीस हा शब्द हिमानीला येतो याचंच शैलजाला कौतुक वाटलं. "ओलीसच," ती म्हणाली.

"किती चीप आहे ते," हिमानी म्हणाली.

"चीपच गं. राजा झाला म्हणून काय झालं? देवाला धरून ठेवून कुणी काम करून घेतं का? ज्याला भक्ती कशाशी खातात माहीत नाही, तोच असं करणार." हे तिने चांगलं ठासून सांगितलं. वर्गात सांगायची तसं, मार्कर हलवत.

लेआ सगळं लिहून घेत होती. ती हळूच इंग्रजीत म्हणाली, "आमच्या लोकांना याच बॅबिलोनच्या राजाने धरून नेलं. देऊळ जाळलं, देवळातली भांडी नेली. पण मूर्ती न्यायची तर मूर्तीच नव्हती. मग लोकांना प्रश्न पडला, की देऊळ गेलं, आता देव कुठे आहे? आणि त्यांना वाटलं, तो आपल्याबरोबर इथेच आलाय, आणि इथलाही तोच आहे. माझी मम्मी म्हणते, आमचा एकच देव खरा पक्का झाला तो परक्या गावात."

"करेक्ट!" शैलजा म्हणाली. "तुझी मम्मी टीचर आहे?"

"नाही, डेंटिस्ट."

तिघी हसल्या. मग शैलजाने सायरसची गोष्ट सांगितली, इराणचा तो राजा, ज्याने बॅबिलोन घेतलं आणि तिथे आणून ठेवलेले देव आपापल्या गावांना परत पाठवले, ज्यू लोकांनाही म्हणाला, जा घरी, तुमची भांडीही घेऊन जा. हिमानी आईकडे बघत होती. कितीतरी वर्षांनी शैलजाकडे कुणीतरी तसं बघत होतं, जिला काहीतरी येतं अशा बाईकडे बघावं तसं. तिच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

"आंटी, मार्दुकला घालायला काही चमकणारं कापड आहे?" लेआने विचारलं. त्या दोघी पुठ्ठ्याचा मार्दुक करणार होत्या.

"त्या कपाटात जरीचे तुकडे आहेत बघ," शैलजा बोलून गेली. बोटाने दाखवलंही. देवाच्या वस्त्रांसाठी तिने ठेवलेले तुकडे त्याच कपाटात होते. आणि ते दार उघडू नये, हे तिच्या ध्यानात आलं तेव्हा लेआ गुडघ्यावर बसली होती.

ताटली सरकल्याचा आवाज आला. "अरे," लेआ म्हणाली, "आंटी, हा पाण्यात पडलाय."

शैलजाच्या तोंडचं पाणी पळालं. "क्लीनिंग," ती म्हणाली. "ब्रास क्लीनिंग. वुई पुट इन वॉटर."

हिमानी उठून बघायला आली. बघितलं, आणि तिच्या चेहऱ्यावर काहीतरी उजाडलं. "हे ते आहे ना, आजी फोनवर म्हणत होती ते? बाबाला जॉब मिळेपर्यंत देव पाण्यात?" मग लेआकडे वळून तिने इंग्रजीत सांगून टाकलं, "माझ्या डॅडचा जॉब गेलाय. तो मिळेपर्यंत हा बाहेर येणार नाही."

लेआने पातेल्याकडे बघितलं, मग टेबलावरच्या पुठ्ठ्याकडे. ती चांगली मुलगी होती. तिच्या आवाजात कुचेष्टा नव्हती, नुसता प्रश्न होता. "म्हणजे मार्दुकसारखं?"

शैलजाला वाटलं, धरणीने पोटात घ्यावं. आत्ता दोन मिनिटांपूर्वी हीच बाई मोठ्या तोंडाने सांगत होती, भक्ती कशाशी खातात माहीत नाही तोच असं करणार. आणि त्यावर तिच्या तोंडून जे निघालं ते त्याहून वाईट.

"नो, नो," ती हसत म्हणाली. ते हसूही तिला परकं वाटलं. "इट्स माय मदर. ओल्ड लेडी, व्हिलेज. सुपरस्टिशन. आय डोन्ट बिलीव्ह. फोनवर मागे लागते म्हणून करते, एवढंच."

लेआ "ओके" म्हणाली आणि तिने ताटली परत जागच्या जागी, अगदी नीट, ठेवली. तेवढ्यात जिन्यावर चाहूल लागली. संजय वरून खाली येत होता. मधल्या पायरीवर थांबलेला. त्याने सगळं ऐकलं होतं हे त्याच्या चेहऱ्यावरून कळलं. तो खाली आला, मुलींना म्हणाला, "गर्ल्स, पिझ्झा मागवू?" आणि उत्तराची वाट न बघता मागच्या अंगणात निघून गेला.

लेआ घरी गेल्यावर शैलजा अंगणात गेली. संजय प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून शेजाऱ्यांच्या मेपलकडे बघत होता. नवी पालवी आली होती, लालसर.

"कधीपासून पाण्यात आहे?" त्याने विचारलं.

"महिना झाला."

"मला सांगायचं तरी."

"तू हसला असतास."

"हसलो असतो," तो म्हणाला. "पण शैलू, मी रोज इतक्या लोकांपुढे हात पसरतो. नाही म्हणतात, परत पसरतो. घरी आल्यावर एक कोपरा होता जिथे कुणी कुणाकडून काही वसूल करत नव्हतं. तू त्यालाही कामाला लावलंस."

तिला त्याचा राग येईना. तो रागावला असता तर तिला उलट बोलता आलं असतं. तो नुसताच दमलेला होता. "उद्या रेस्टनच्या कंपनीत शेवटची मुलाखत आहे," तो म्हणाला. "तुझा देव पाण्यात आहे म्हणून मला नोकरी मिळाली, तर मी काय समजायचं? आणि नाही मिळाली, तर तू काय समजणार?"

रात्रभर ती कूस बदलत राहिली असेल, ते सोडून देऊ. सकाळी उठली तेव्हा तिच्या मनात दोन गोष्टी भांडत होत्या. आज काढला आणि मुलाखत बिघडली, तर जन्मभर तिने तो दोष डोक्यावर घ्यायचा. आईने स्पष्ट सांगितलं होतं, मध्येच काढायचा नाही. आणि ठेवला, तर काल ज्या राजाला ती नावं ठेवत होती त्याच्याहून ती वेगळी कशी? त्या राजाने निदान परक्याचा देव धरला होता. हिने आपला, आईने ओंजळीत दिलेला.

संजय मोजे घालत होता. शैलजा कपाटापाशी बसली, ताटली काढली आणि हात पाण्यात घातला. पाणी गार होतं. बाळकृष्णाच्या गुडघ्यांच्या खाचेत, कोपरात, लोण्याच्या गोळ्याखाली हिरवट थर धरला होता. चिंच लावून तिने तो घासला, नाजूकपणे, लहान मुलाची मान धुवावी तसा. मग कोमट पाणी, मग मऊ फडकं. वरच्या जागी ठेवला. हात जोडले, पण मागायचं काय ते सुचेना. "चुकलं," एवढंच म्हणाली. त्याच्याकडे तिने अजून नीट बघितलं नव्हतं.

संजय दाराशी उभा राहून बघत होता. "आज काढलास?" तो म्हणाला. "उद्या काढला असतास तरी चाललं असतं."

"नसतं चाललं," ती म्हणाली.

ती नोकरी मिळाली नाही. चार ओळींची ईमेल आली. देवासमोरून जाताना शैलजाची मान आपोआप खाली जायची. आपण काढला म्हणून झालं, असं मनाचा एक कोपरा म्हणायचा, आणि असं म्हणणाऱ्या त्या कोपऱ्याची तिला लाज वाटायची.

आईचा फोन आला तो त्याच आठवड्यात. "लागली का?"

"नाही. आणि आई, मी बाळकृष्णाला बाहेर काढला."

पलीकडे पंखा फिरत होता. शैलजाला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. ती घाईने पुढचंही बोलून गेली, नाहीतर परत धीर झाला नसता. "हिमानीची मैत्रीण आली होती. तिने बघितलं. मला इतकी लाज वाटली की मी तुझ्यावर ढकललं. म्हटलं, माझी आई अडाणी आहे, ती करायला लावते. मी मानत नाही म्हटलं."

"ढकललंस ना? बरं केलंस," आई म्हणाली. "मी इतक्या लांब आहे, मला काय लागतंय!"

शैलजाला रडू फुटलं. आई म्हणाली, "माझे पण पाण्यातच आहेत."

"काय?"

"सगळे. अन्नपूर्णा, खंडोबाचा टाक, शंख. तुला सांगितलं त्याच दिवशी घातले. म्हटलं, एकट्या तुझ्या बाळकृष्णाने किती पळायचं?"

"आई, काढ त्यांना."

"कसे काढू? तू काढलास म्हणून माझे तरी राहू देत."

मग शैलजाने तिला बॅबिलोनची गोष्ट सांगितली. मराठीत सांगायची म्हणजे तिला अडायला होत नव्हतं. देव पळवणारे राजे, मूर्ती नसलेले लोक, आणि शेवटी तो सायरस, ज्याने सगळ्यांचे देव घरी पाठवले. आई हुंकार देत ऐकत होती. गोष्ट संपल्यावर म्हणाली, "तो राजा चांगला होता गं." आणि मग, "तुझे बाबा दवाखान्यात होते तेव्हाही मी घातले होते."

शैलजाला हे माहीत नव्हतं. बाबा गेले तेव्हा ती इथेच होती. तिच्या पासपोर्टवर नवा व्हिसा नव्हता. गेली असती तर परत येता आलं नसतं, आणि हिमानी तेव्हा मांडीवर. तिने बाबांना फोनच्या पडद्यावर बघितलं होतं.

"ते गेले," आई म्हणाली. "मग मला कळेना, आता देव काढायचे कधी. मागितलेलं मिळाल्यावर काढायचे, हे सगळे सांगतात. मिळालं नाही तर काय करायचं, हे कुणी सांगितलं नव्हतं. सुतक होतं, हात लावता येईना. तेराव्यापर्यंत तसेच पाण्यात. येणारेजाणारे बसायचे, रडायचे, आणि माझं अर्धं लक्ष तिकडे. कुणी झाकण उघडलं तर? लोक म्हणतील, हिने देवाला अडकवला तरी त्याने ऐकलं नाही. नवरा गेल्याचं दुःख एकीकडे, आणि ही लाज एकीकडे. तुला सांगते शैला, कुणाला बोलले नाही मी."

"मग मला का घालायला लावलास, आई?"

"दुसरं काय सांगू? तू तिकडे, मी इकडे. मला दुसरं काही येतंय का?"

मग आईने फोन कुठेतरी उभा करून ठेवला; पडद्यावर देव्हाऱ्याची एक चौकट आणि आईच्या लुगड्याचा काठ दिसत होता. पाण्याचा आवाज आला. "ही अन्नपूर्णा," आई म्हणाली. "हा टाक. अगं बाई, केवढा काळा पडलाय." शैलजा इकडे डोळे पुसत बघत राहिली. शंखातून पाणी निथळायला बराच वेळ लागला.

संजयला नोकरी लागली ती मुदत संपत आली तेव्हा, जर्सी सिटीला, पगार आधीपेक्षा कमी, पण व्हिसाचे कागद वेळेत गेले. हिमानी दोन दिवस खोलीचं दार लावून रडली, मग बाहेर येऊन म्हणाली, "निदान न्यूयॉर्क जवळ आहे." मंडळात कळलं तसं लोक येऊन म्हणाले, अरे, सांगायचं नाही का, आमच्या कंपनीत जागा होती. संजय ओशाळून हसला. पेढे शैलजाने देवापुढे ठेवले, पण "तू दिलंस" असं तिच्याने म्हणवेना. न मागता ठेवलेले पेढे, तेवढंच.

सामान बांधायला लेआ मदतीला आली होती. त्यांच्या बॅबिलोनच्या कोपऱ्याचं शाळेत कौतुक झालं होतं. नकाशा सगळ्यांना आवडला, असं तिने परत परत सांगितलं. हिमानी वर पुस्तकं भरत होती. शैलजा कपाटापुढे बसून देव एकेक करून मऊ कापडात गुंडाळत होती, आणि लेआ शेजारी वर्तमानपत्राचे बोळे करत होती.

"लेआ," शैलजा म्हणाली. वाक्य तिने सकाळपासून इंग्रजीत जुळवून ठेवलं होतं. "त्या दिवशी मी खोटं बोलले. माझ्या आईचं नव्हतं ते. मीच त्याला पाण्यात ठेवला. मी मानते त्याला. मानते म्हणून ठेवला, आणि ते बरोबर नव्हतं."

लेआने बोळा हातातच धरला. "मला कळलं होतं, आंटी," ती म्हणाली. "माझी मम्मी पण तसंच करते. आजोबा आजारी होते तेव्हा तिने खूप प्रार्थना केली. ते गेले. तेव्हापासून ती देवाशी बोलत नाही. सिनॅगॉगला येते, आमच्याबरोबर मेणबत्त्या लावते, पण ओठ हलवत नाही. आमच्याकडे पाण्यात ठेवायला काही नाही ना. म्हणून ती नुसती गप्प राहते. तो आधी बोलेल याची वाट बघत."

शैलजाच्या तोंडावर आलं होतं, की तिला सांग, असं करू नये. तिने ते गिळलं. ती सांगणारी कोण?

"तुझ्या मम्मीला माझी कोथिंबीरवडी देशील?" ती म्हणाली. "फ्रिजमध्ये आहे. सगळी संपवायचीच आहे आज."

लेआ हसली. मग बाळकृष्णाकडे बघून तिने विचारलं, "मी धरू का याला, तुम्ही कापड घ्याल तोवर?" आणि लगेच हात मागे घेतला. "मला धरायला चालतं की नाही, माहीत नाही. आमच्यात मूर्ती..."

"मग नको," शैलजा म्हणाली. "तुझ्या देवाला काय वाटेल! तू कापड धर, मी त्याला ठेवते."

लेआने जरीचा तुकडा दोन्ही हातांवर पसरून धरला. शैलजाने बाळकृष्णाला उचललं, आणि पातेल्यातून काढल्यानंतर पहिल्यांदाच त्याच्या तोंडाकडे नीट बघितलं. डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात थोडा हिरवा डाग राहून गेला होता. तिने पदराने तो पुसायचा प्रयत्न केला. निघाला नाही. तिने तो तसाच राहू दिला, त्याला कापडात ठेवलं आणि चारी टोकं एकेक करून त्याच्या अंगावर घातली.